कमान कोणत्या दाराला?

मी फक्त एक रात्र सिग्नेच्या खोलीत झोपायचं ठरवलं होतं. एकच रात्र. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोकांचा समज होतो की मी बायकोला टाकून निघालेला इसम आहे. मी कुठेही निघालो नव्हतो. मला सर्दी झाली होती.

सर्दी झाली की मी घोरतो. (सर्दी नसतानाही घोरतो, पण सर्दीत त्याला जरा चढउतार येतात.) माझी बायको डॉर्टे दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघायची आणि रात्री घरी येऊन पुन्हा तेच, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं ती लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. आम्ही युटलँडची, म्हणजे पश्चिम डेन्मार्कची माणसं. जेवण अप्रतिम झालं तर आम्ही 'वाईट नाही' म्हणतो आणि छपराला आग लागली तर 'जरा गरम होतंय' म्हणतो. एकदा बोलून झालेलं पुन्हा बोलणं म्हणजे आमच्याकडे आक्रस्ताळेपणा समजतात.

तर सिग्ने, आमची एकुलती एक लेक, उन्हाळा सरता सरता शिकायला कोपनहेगनला गेली आणि घर एकदम गप्प झालं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला डॉर्टे आणि मध्ये उकडलेल्या बटाट्यांचं भांडं. इतकी वर्षं आम्ही सिग्नेशी तरी बोलायचो, नाहीतर सिग्नेबद्दल तरी बोलायचो. आता आम्ही बटाट्यांबद्दल बोलू लागलो.

"बटाटे वाईट नाहीत."

"नाहीत."

झालं, संपलं संभाषण. बटाट्यांबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार?

डॉर्टेने मग फेब्रुवारीत संध्याकाळचा एक वर्ग लावला. 'आयुष्यातले बदल आणि आपण' असं काहीतरी त्याचं नाव होतं. शिकवणाऱ्या बाईंचं नाव उला-माय. पहिल्याच दिवशी घरी येऊन कोट काढता काढता डॉर्टे म्हणाली, "उला-माय म्हणते, मुलं घरातून गेली की नवराबायकोने एकमेकांना मोकळी जागा द्यावी."

मी नगरपालिकेत कचरा वर्गीकरण विभागात आहे. दुधाचा खोका चुकीच्या डब्यात टाकणाऱ्या नागरिकांना सौम्य शब्दांत समज देणं हे माझं काम. त्यामुळे कोणती गोष्ट कुठे टाकायची, हे मला सांगावं लागत नाही. सूचना मिळाली की मी अंमलबजावणी करतो. त्याच आठवड्यात मला सर्दी झाली. मी दोन्हीचा मेळ घातला.

"मी आज सिग्नेच्या खोलीत झोपू का?" मी विचारलं.

"तुला हवं असेल तर झोप."

"तुला चालेल ना?"

"तुला चालत असेल तर मला चालेल."

(तरुण नवऱ्यांनो, असं संभाषण सुरू झालं की तिथल्या तिथे जमिनीवर लोळण घ्या, हवं तर रडा, पण ते पुरं होऊ देऊ नका.)

सकाळी मी खाली आलो तर डॉर्टे अंघोळ उरकून, केस विंचरून, कॉफीचा कप घेऊन बसलेली. मी माझं लाल नाक पुशीत विचारलं, "झोप झाली का?"

"वाईट नाही," ती म्हणाली.

वाईट नाही! अहो, आमच्या मधुचंद्राला तिने 'ठीक' म्हटलं होतं. आणि माझ्याशिवाय काढलेल्या एका रात्रीला वाईट नाही! मी मान डोलावली, पावावर लोणी फासलं आणि त्या रात्री पुन्हा सिग्नेच्या खोलीत गेलो. तिसऱ्या रात्री विचारायचंही राहिलं. सर्दी गेली, पण मी काही परत आलो नाही, कारण परत यायचं तर कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

ईस्टरला सिग्ने सुट्टीसाठी घरी यायची होती. म्हणजे तिची खोली रिकामी करणं आलं. मला वाटलं, आता डॉर्टे म्हणेल, "ये रे बाबा आपल्या खोलीत." डॉर्टेला वाटलं असेल, आता हा म्हणेल, "येऊ का?" दोन दिवस दोघांनी वाट पाहिली. शेवटी मीच म्हणालो, "सिग्ने आहे तोवर मी कॅरव्हॅनमध्ये झोपतो. नाहीतरी तिचं थोडं काम काढायचंच आहे."

"तुला हवं असेल तर," डॉर्टे म्हणाली.

कॅरव्हॅन म्हणजे सुट्टीत गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची पत्र्याची खोली. आमची घराच्या कडेला, अंगणातल्या वाटेवर उभी असते. सिग्ने चार दिवस राहून गेली. मी कॅरव्हॅनमध्येच राहिलो. रोज रात्री बातम्या संपल्या की मी उशी काखोटीला मारून दारात उभा राहायचो.

"बरं, मग..." मी म्हणायचो.

"हं, मग..." डॉर्टे म्हणायची.

"निघतो."

"जपून. पायरीशी निसरडं आहे."

स्वतःच्या बायकोचा निरोप घेऊन, स्वतःच्याच अंगणातून, उशी घेऊन जाणारा माणूस कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीतल्या सगळ्या पडद्यांना ते माहीत होतं.

कॅरव्हॅनच्या खिडकीतून मला आमची झोपायची खोली दिसायची. तिची खिडकी सताड उघडी. एप्रिलमधली युटलँडची रात्र, वारा हाडापर्यंत पोचणारा, आणि इतकी वर्षं बोटभर खिडकी उघडली तरी 'झोत येतो' म्हणून लावून घेणारी माझी बायको आता खिडकीची दोन्ही तावदानं उघडी टाकून झोपत होती. मी मनाशी म्हटलं, गेर्ट, बघ, बाई मोकळा श्वास घेतेय. तू गेलास आणि घरात हवा आली. विनोदाचा भाग सोडून सांगतो, मला फार वाईट वाटायचं. मी पांघरूण नाकापर्यंत ओढून त्या खिडकीकडे बघत पडायचो, आणि मग मला झोप लागायची. (झोप मला कुठल्याही दुःखात लागते. तो माझा स्वभाव आहे.)

गल्लीत कुणी काही विचारलं नाही. विचारणं आमच्यात असभ्य समजतात. समोरचा आयविन, गल्लीतला सगळ्यात वडीलधारा शेतकरी, सकाळी फक्त कुंपणाशी उभा राहायचा.

"लवकर उठलास आज," तो म्हणायचा.

"हो, कॅरव्हॅनचं थोडं काम काढलंय."

"असं होय. मोठं काम दिसतंय."

"थोडं आहे."

"पायजम्यातच करतोस?"

त्याची बायको गुद्रुन तर काहीच न बोलता एक दिवस कॅरव्हॅनच्या पायरीवर केक ठेवून गेली. आमच्याकडे असा केक माणसं फक्त मयताच्या घरी ठेवतात.

आणि मग जून आला. जूनमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती.

चांदीचं लग्न ही आमच्याकडे नवराबायकोची खासगी बाब नसते, ती गल्लीची मालमत्ता असते. आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी जमून जोडप्याच्या दाराला हिरव्या फांद्यांची मोठी कमान उभारतात, फुलं खोचतात, वर चंदेरी कागदाचा पंचविसाचा आकडा लावतात. ही कमान जोडप्याने बघायची नसते. म्हणजे दिसते, पण बघायची नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळी गल्ली बँड घेऊन दारात येऊन गाते, आणि जोडप्याने झोपेतून दचकून जागं झाल्यासारखं, रात्रीच्याच कपड्यांत, कमानीखाली येऊन उभं राहायचं. मग सगळ्यांना आत बोलावून नाश्ता द्यायचा. चाळीस माणसांचा नाश्ता घरात आयताच तयार असतो, याचंही दोघांनी आश्चर्य वाटून घ्यायचं.

रीत साधी आहे. तिला फक्त एकच गोष्ट लागते. जोडप्याने एकाच दारातून बाहेर यावं लागतं.

"त्या दिवशी सकाळी..." मी एकदा जेवताना सुरुवात केली.

"हो, त्याचं बघायला हवं," डॉर्टे म्हणाली.

"मी आदल्या रात्री आत..."

"तुला हवं असेल तर."

"पण तुला..."

"गेर्ट, तुझं तू ठरव." एवढं बोलून ती उठली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "सोहळा एकदाचा होऊन जाऊ दे. मग आपण बोलू."

मग आपण बोलू! युटलँडच्या माणसाने 'बोलू' म्हटलं की दोनच गोष्टी संभवतात, डॉक्टर नाहीतर वकील. डॉर्टेची तब्येत उत्तम होती. मी काट्यावरचा बटाटा परत ताटात ठेवला. म्हणजे चांदीचं लग्न साजरं करायचं, पाव खायचे, हात हलवून सगळ्यांना निरोप द्यायचा आणि मग मला.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सिग्ने आली. गल्लीला कमान उभारायला सवड मिळावी म्हणून तिने आम्हा दोघांना खाडीकाठच्या खानावळीत जेवायला नेलं. (ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. सगळी जोडपी त्या संध्याकाळी अचानक बाहेर जेवतात.) मासे झकास होते. आम्ही बटाट्यांबद्दल बोललो. सिग्ने एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती.

"बाबा, कॅरव्हॅनचं काम अजून संपलं नाही?"

"किरकोळ राहिलंय."

"आई, बाबा काय काम करतायत तिथे?"

"त्यांचं त्यांना माहीत," डॉर्टे म्हणाली आणि माशाचा काटा काढण्यात गढून गेली.

आम्ही परत आलो तेव्हा ऊन चांगलं टळटळीत होतं. जूनमधला सूर्य आमच्याकडे मावळायचं नाव घेत नाही, नेमका नको तेव्हा सगळं स्वच्छ दाखवतो. गाडी अंगणात वळली. मी घराच्या दाराकडे पाहिलं. दार मोकळं. ना फांदी, ना फूल.

कमान कॅरव्हॅनला होती.

आणि कसली कमान म्हणून सांगू! सूचिपर्णी झाडांच्या ताज्या फांद्या, गुद्रुनच्या बागेतले पांढरे गुलाब, वर लखलखीत पंचवीस, आणि त्याखाली चोचीत चोच घातलेले दोन चंदेरी पक्षी. एका माणसाला आडवं झोपता येईल एवढ्या पत्र्याच्या डब्याला राजवाड्याचं प्रवेशद्वार लावलं होतं.

आम्ही तिघं अंगणात उभे. कमान बघायची नसते. गल्लीतले सगळे पडदे श्वास रोखून थांबलेले.

"छान संध्याकाळ आहे," मी म्हणालो.

"वारा पडलाय," डॉर्टे म्हणाली.

"आई! बाबा! ते तिथे..."

"सिग्ने!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. फेब्रुवारीपासून आम्ही दोघांनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट.

डॉर्टेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "शुभ रात्री, गेर्ट," एवढंच म्हणून ती आत गेली. सिग्ने कपाळाला हात लावून तिच्या मागोमाग. मी कॅरव्हॅनकडे वळलो. कॅरव्हॅनचं दार बाहेर उघडतं, आणि कमानीचा खांब गल्लीने नेमका त्याच्या वाटेत रोवला होता. दार वीतभरापेक्षा जास्त उघडेना. मी पोट आत घेतलं, आडवा झालो आणि स्वतःच्या सन्मानाच्या कमानीतून खेकड्यासारखा आत शिरलो. शर्टाचं एक बटण बाहेरच राहिलं.

आत मी बिछान्याच्या कडेला बसलो. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात, आमची मूठ तर गल्लीने उघडून वर फुलं लावली होती. उद्या सकाळी बँड माझ्या दारात वाजणार. मी एकटा बाहेर येणार. आणि डॉर्टे? ती तिकडे घराच्या दारात गाऊन घालून, चाळीस माणसांसमोर एकटीच उभी राहणार. जी बाई कधी कुणापुढे चढ्या आवाजात बोलली नाही, तिचा असा तमाशा होणार, आणि तो माझ्या सर्दीपायी. मला ते सहन होईना. ती नंतर मला सोडो, वकिलाकडे जावो, काय हवं ते करो. पण उद्या सकाळी ती एकटी उभी राहता कामा नये.

मी ठरवलं. पहाटे गुपचूप घरात शिरायचं. बँड आला की डॉर्टेचा हात धरून घराच्या दारातून बाहेर यायचं आणि हसून म्हणायचं, "अरे, कमान चुकून तिकडे लावलीत वाटतं!" इतकं सोपं होतं ते.

सकाळी उजाडून कितीतरी वेळ झाल्यावर मला जाग आली. (झोपेबद्दल वर सांगितलंच आहे.) बँड यायला तासभर होता. दारातून गेलो तर पडद्यांना दिसणार. म्हणून मी मागच्या, कुंपणाकडच्या खिडकीतून निघालो. ती खिडकी हवा येण्यासाठी बनवलेली आहे, नवरा जाण्यासाठी नाही. माझा वरचा अर्धा भाग सुखरूप बाहेर आला, खालचा अडकला, मग काहीतरी टर्रकन फाटलं आणि मी खाजऱ्या झुडपांत पडलो. तिथून वाकून, कचऱ्याच्या डब्यांमागून (सगळे योग्य रंगाचे), घराच्या मागच्या दाराने मी धुणं धुवायच्या खोलीत शिरलो. चोराच्या मनात चांदणं. कपडे धुवायचं यंत्रसुद्धा माझ्याकडे डोळा वटारून बघतंय असं वाटलं.

वर गेलो आणि आमच्या खोलीच्या दाराशी थबकलो. स्वतःच्या झोपायच्या खोलीवर टकटक करावी का? मी केली. उत्तर नाही. दार ढकललं.

पलंग रिकामा होता. चादर नीट ओढलेली. खिडकी सताड उघडी. डॉर्टेचा चष्मा आणि पुस्तक माझ्या बाजूच्या मेजावर, खिडकीकडच्या. म्हणजे माझी बाजूही तिने घेतली होती तर. न्हाणीघरात पाहिलं, नाही. स्वयंपाकघरात पाहिलं, चाळीस जणांचे पाव तबकांत मांडलेले, चीज कापलेलं, कॉफीचं भलंमोठं भांडं भरलेलं. डॉर्टे नाही. सिग्नेच्या दाराला कान लावला, फक्त सिग्नेचं घोरणं. (तो गुण माझ्याकडून आलाय.)

मग आपण बोलू म्हणाली होती. न बोलताच गेली. चाळीस माणसांचा नाश्ता मांडून ठेवून गेली, इतकी सज्जन बाई. मी पलंगाच्या कडेला, फाटक्या पायजम्यात बसलो आणि खरं सांगतो, रडलो. मोठ्याने नाही. युटलँडच्या हिशोबाने.

तेवढ्यात बाहेर भोंगे वाजले.

तीन पितळी भोंगे, आणि त्यावर सगळ्या गल्लीचा आवाज. मी खिडकीत गेलो. सगळे माझ्याकडे पाठ करून, कॅरव्हॅनकडे तोंड करून गात होते. हातात छोटे झेंडे. आयविन टोपी छातीशी धरून. आणि गाणं संपता संपता कॅरव्हॅनचं दार वीतभर उघडलं. त्यातून एक हात आला. मग एक खांदा. मग आडवी होत होत, केसांत सूचिपर्णी काड्या घेऊन, फुलाफुलांच्या गाऊनमध्ये डॉर्टे बाहेर आली.

"हुर्रे!" गल्ली ओरडली. मग सगळ्यांनी तिच्या मागे पाहिलं. तिच्या मागून कुणीच येईना. भोंगेवाल्यांनी ओठ पुसले. गुद्रुनने वाकून कॅरव्हॅनमध्ये डोकावलं.

"गेर्ट?" तिने आत हाक मारली.

"मी इथे आहे!" मी वरून ओरडलो.

चाळीस माना गरकन वळल्या. वरच्या खिडकीत, बायकोच्या मऊ पलंगाशेजारी, मी. खाली पत्र्याच्या डब्याच्या दारात थंडीने कुडकुडणारी डॉर्टे.

"अरे देवा," आयविन म्हणाला. "ह्याने तिला बाहेर काढली!"

"आणि मी ह्याला केक दिला!" गुद्रुन किंचाळली. "बिचारी डॉर्टे! आम्ही ईस्टरपासून नको त्या माणसाची कीव करतोय!"

"तसं नाही हो!" मी ओरडलो, आणि जिना उतरून समोरच्या दाराने धावत सुटलो. मागून पायजमा फाटलेला आहे हे मला गर्दी ओलांडून गेल्यावर, गर्दीच्या शांततेवरून कळलं. वर सिग्नेच्या खिडकीतून हसण्याचा आवाज येत होता.

कमानीखाली मी आणि डॉर्टे समोरासमोर आलो.

"तू इथे काय करतेस?" मी विचारलं.

"तू तिथे काय करत होतास?"

"तुझी लाज राखत होतो."

"मी तुझी राखायला आले होते. आत आले तर मागची खिडकी उघडी, तू नाहीस. मला वाटलं पळालास."

"मला वाटलं तू पळालीस!"

"मी कुठे पळणार? चाळीस जणांची कॉफी व्हायचीय."

मला हायसं वाटलं, पण ते 'मग आपण बोलू' डोक्यातून गेलं नव्हतं. इतकी शोभा झालीच आहे तर आणखी काय होणार, म्हणून मी सगळ्यांसमोर विचारून टाकलं. "डॉर्टे, तुला माझ्याशी काय बोलायचं होतं? आता इथेच बोल. ते ऐकल्याशिवाय मला नाश्ता जाणार नाही."

डॉर्टेने गल्लीकडे पाहिलं, भोंग्यांकडे पाहिलं, चंदेरी पक्ष्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मला झोप येत नाही, गेर्ट," ती म्हणाली. "सिग्ने गेली तेव्हा घर अर्धं शांत झालं. मग तू गेलास. त्या शांततेत मला वेड लागेल असं वाटायचं. म्हणून खिडकी उघडी ठेवते. तुझ्या बाजूला झोपते, तिथून नीट ऐकू येतं. तू घोरायला लागलास की मला झोप लागते."

"पण त्या पहिल्या सकाळी तू 'वाईट नाही' म्हणालीस!"

"रात्रभर जागी होते. पहाटे कंटाळून अंघोळ केली. तू ते लाल नाक घेऊन विचारत होतास. वाईट म्हटलं असतं तर तुला लागलं असतं."

"मग 'आत ये' का नाही म्हणालीस?"

"उला-माय म्हणाली, पुरुषांना जागा लागते. मला वाटलं तुझं तिथे बरं चाललंय. सोहळा झाला की विचारणार होते, येतोस का म्हणून."

"बरं कसलं चाललंय! तिथे मला पाय लांब करता येत नाहीत. मला जागा नको, डॉर्टे. मला तू हवीस." हे वाक्य मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बोललो, आणि तेही मागून वारा लागत असताना.

डॉर्टेने माझ्या कॉलरमधली सूचिपर्णी काडी काढली. "पंचवीस वर्षं," ती म्हणाली, "वाईट नव्हती."

गल्लीतल्या चाळीस जणांनी एकदम जमिनीकडे पाहिलं. उघड्यावर, दिवसाढवळ्या, असली भाषा! गुद्रुनने सरळ झेंड्यानेच डोळे पुसले. आयविनला हे सगळं सोसवेना. तो खाकरला आणि म्हणाला, "जरा गरम होतंय. पाव खायचे का आता?"

नाश्ता दणक्यात झाला. मी डॉर्टेच्या शेजारी बसून पाव खात होतो, टेबलाखाली तिचा हात माझ्या हातात होता, आणि गल्लीने आपला संसार कसा सांधला या विचाराने मला प्रत्येक शेजाऱ्याला मिठी मारावीशी वाटत होती. आयविनने पेल्यावर चमचा वाजवला आणि भाषणाला उभा राहिला.

"कमान कोणत्या दाराला लावायची यावर आमची सभा झाली," तो म्हणाला. "निम्मे म्हणाले घराला लावा, रीत आहे. निम्मे म्हणाले, एका सकाळपुरता हा आत येईल आणि रात्री पुन्हा त्या पत्र्यात जाईल, मग आपलं काय? मी म्हणालो, डॉर्टे कुठल्या दारातून येईल ते आपल्याला सांगता येत नाही. पण गेर्ट कुठे आहे ते नक्की माहीत आहे. ऐकू येतं."

सगळे माना डोलावून हसले. मला कळेना त्यात हसण्यासारखं काय आहे.

"घराच्या भिंती विटांच्या आहेत, गेर्ट," आयविन समजावणीच्या सुरात म्हणाला. "कॅरव्हॅनच्या पत्र्याच्या. ईस्टरपासून आमच्या गाई दूध कमी देतायत. तुमच्या संसारात नाक खुपसणारे आम्ही कोण? पण झोप ही सार्वजनिक बाब आहे. तर गल्लीतर्फे ही छोटीशी भेट."

बाहेर ट्रॅक्टर धडधडला. मी खिडकीकडे धावलो. आयविनचा जावई आमची कॅरव्हॅन जोडून गल्लीच्या टोकाकडे चालला होता. अंगणात फक्त कमान उरली होती, फुलं, पंचवीस आणि दोन पक्षी, आणि तिच्या पलीकडे काहीच नाही.

"आमच्या कोठारात जागा केलीय," आयविन म्हणाला. "हिवाळ्यासाठी. फुकट."

"आयविन, जून महिना आहे!"

"हिवाळ्याचं काही सांगता येतं का?"

माझा सूट, बूट आणि दाढीचं सामान त्या कॅरव्हॅनमध्ये होतं. संध्याकाळच्या मेजवानीला मी आयविनचा सूट घालून गेलो. त्यात आणखी एक गेर्ट सहज मावला असता.

त्या रात्री डॉर्टेने खिडकी लावून घेतली, कडीसुद्धा घातली. मी आपल्या बाजूला, आपल्या उशीवर आडवा झालो. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आज काही झालं तरी झोपायचं नाही, हिला घोरण्याचा त्रास द्यायचा नाही, असा मी निश्चय केला. इतपत मला आठवतंय.

सकाळी जाग आली तर शेजारची जागा रिकामी. धडपडत खाली आलो. बैठकीचं दार सताड उघडं, आणि सोफ्यावर, लोकरीच्या शालीत गुरफटून, डॉर्टे गाढ झोपलेली. इतकी शांत झोपलेली मी तिला कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती.

"डॉर्टे," मी हळूच म्हणालो, "पुन्हा वेगळं?"

तिने एक डोळा उघडला. "जवळून जरा जास्तच होतं रे. इथून बरोबर येतं."

सोफा ते पलंग हे अंतर कॅरव्हॅनपेक्षा कितीतरी कमी होतं, आणि मधलं दार उघडं होतं. तक्रार करण्यासारखं त्यात मला काही दिसेना. तरी राहवलं नाही म्हणून विचारलं, "येतं तरी कसं इथून?"

डॉर्टेने शाल हनुवटीपर्यंत ओढली.

"वाईट नाही," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपी गेली.